पाळी थांबली तर ती दुखापत समजा : खेळणाऱ्या मुली आणि त्यांचं जेवण

पायवाट · ८ जुलै, रात्री ९.४०

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवते. गेल्या गुरुवारी सकाळी नववीतली एक मुलगी सहाव्या फेरीला मध्येच बसली आणि नडगी दाबून धरली. बूट बघितले, सूज बघितली, बर्फ लावला. मग तिला कडुलिंबाखाली नेऊन विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?" बोटांवर मोजून म्हणाली, "दिवाळीच्या आधी." म्हणजे आठ महिने उलटून गेले. आईला सांगितलंस का, तर म्हणे, "नाही मॅडम. बरंच आहे की, स्पर्धेच्या दिवशी कटकट नाही."

हे वाक्य माझं आहे. २०१० मध्ये क्रीडा वसतिगृहात मी माझ्या रूममेटला अगदी ह्याच शब्दांत सांगितलं होतं. म्हणून हा धागा काढतेय.

मी तेव्हा ३००० मीटर पळायचे. त्याच वर्षी कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणलं आणि आम्ही साऱ्या मेसमधल्या टीव्हीपुढे नाचलो होतो. नाशिककडच्या पाड्यावरची मुलगी तिथे उभी राहते, तर आपण का नाही, असं प्रत्येकीला वाटत होतं. आमचे सर पहाटे साडेचारला आमच्यासाठी उठायचे, स्वतःच्या खिशातून स्पाइक्स घेऊन द्यायचे. तेच सर दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करायचे. आकडा मोठ्याने वाचायचे, जिचा वाढला तिला जादा फेऱ्या. "अंग उतरलं की टायमिंग येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि पहिले चार महिने ते खरं ठरलं. सगळा घात तिथेच झाला. मी भाकरी अर्ध्यावर आणली, टायमिंग सुधारलं, सरांनी पाठ थोपटली. मग रात्रीचं जेवण सोडलं. कुणी विचारलं तर उपवास सांगायचा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... मुलगी उपवास करते म्हटलं की कौतुकच होतं. पाळी गेली तेव्हा मला वाटलं, आता मी खरी खेळाडू झाले. पाचव्या महिन्यापासून थंडी वाजायला लागली, मे महिन्यात सुद्धा. केस मूठ-मूठ हातात यायचे. मग उजव्या नडगीला हेअरलाइन फ्रॅक्चर. तीन महिन्यांनी डाव्या पायाच्या चवड्याला. हाडांच्या डॉक्टरांनी बूट विचारले, मैदान विचारलं, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळीचं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शेवटी घरी आल्यावर आई एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे सोनोग्राफी करून सांगितलं, पीसीओडी (बीजकोशांत बारीक गाठी दिसतात आणि पाळी बिघडते तो विकार) आहे, वजन कमी करा. माझी आई माझ्या मनगटाकडे बघत राहिली होती, ते मला अजून आठवतं.

पळणं तिथेच संपलं. आता तिशी ओलांडलीय आणि मणक्याच्या हाडांची घनता वयाच्या मानाने कमी निघालीय. मला कुणावर राग काढायचा नाही. मला एवढंच हवंय की खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली, की स्नायू फाटल्यावर जशी धावपळ होते तशीच व्हावी. ती दुखापत आहे. आतली आहे म्हणून दिसत नाही.

तुमच्या घरात, शाळेत, तालमीत, अकादमीत काय दिसतं ते लिहा. एकच विनंती : कुणीही स्वतःचं किंवा मुलीचं वजन किलोत लिहू नका. ज्या मुली ह्यात अडकल्यात त्या असे आकडे शोधत फिरतात आणि त्यांच्याशी शर्यत लावतात. मी लावली होती.


स्टेथोस्कोप · ८ जुलै, रात्री ११.१५

पायवाट, बरं केलंत लिहिलंत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि तुम्हाला मिळालेलं पीसीओडीचं निदान मी आजही दर महिन्याला दुसऱ्यांच्या कागदांवर बघते. म्हणून आधी तेच.

पाळी न येण्याची कारणं अनेक आहेत. किशोरवयात बीजकोशांत बारीक बारीक गाठी दिसणं हे पुष्कळदा नुसतं वयाचं लक्षण असतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतर ८ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडीचं निदान करूच नये. रोज दोन वेळा सराव करणाऱ्या, हाडं दिसणाऱ्या मुलीला पीसीओडी म्हणून 'वजन उतरव' सांगणं म्हणजे आगीत तेल. तिचा आजार उलटा असतो. मेंदूकडून बीजकोशांना जाणारा हुकूमच मंदावलेला असतो, कारण शरीरात इंधन नाही.

समजावताना मी घरखर्चाचं सांगते. पगार तेवढाच आणि कर्जाचा हप्ता वाढला, तर घर कशाला कात्री लावतं? आधी सणाचे कपडे, मग डागडुजी. दूध आणि वीजबिल शेवटी. सराव हा तो हप्ता. तो वळता झाल्यावर जे उरतं त्यात हृदय, मेंदू, फुप्फुसं चालवायची असतात. मग शरीर पाळी बंद करतं, हाडांची भर थांबवतं, अंगातली ऊब कमी करतं, केस सोडून देतं. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जातं आणि हाडांचा राखणदारच जातो. जन्मभराचा हाडांचा साठा जवळपास ९० टक्के विशीच्या आत भरून होतो. म्हणजे भरायच्या दिवसांतच कोठीला कुलूप. नंतर कॅल्शियमच्या गोळ्यांनी ते सगळं भरून येत नाही.

हे नवं नाही. जेवणातली गडबड, पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं ह्या तिघांची सांगड अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १९९२ मध्येच घातली होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ती व्याख्या आणखी रुंद केली. हृदय, प्रतिकारशक्ती, पचन, मन, वाढ, सगळं त्यात आलं, आणि हे मुलग्यांनाही होतं हेही आलं. नॉर्वेत तिथल्या अव्वल खेळाडूंचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला. स्त्री खेळाडूंमध्ये २० टक्क्यांना खाण्याचा विकार होता, आणि जिथे शरीर 'दिसण्याला' गुण असतात अशा खेळांत ४२ टक्क्यांना. पदकं मोजणाऱ्या देशाने हे मोजलं, ह्याचं मला कौतुक आहे.

तीन महिने पाळी नाही, किंवा पंधरावं पूर्ण होऊनही पहिली पाळी आलेली नाही, तर थांबू नका. आणि कृपा करून 'पाळी आणायच्या' गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव होतो, घरच्यांना वाटतं गाडी रुळावर आली, आतलं उपाशीपण तसंच राहतं. गणपतीत, लग्नकार्यात किंवा सामन्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींची तर पाळी मुळात कधी थांबली हेच कळत नाही.


लाल_माती · ९ जुलै, सकाळी ६.०५

ताई, आमची पोरगी कुस्ती करते. सातवीपासून तालमीत हाय. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली तवा मी तिला खांद्यावर घेऊन बघितली. प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली आणि माझी पोरगी घरी येऊन म्हणाली, आबा, मला बी पायजे.

आमच्याकडं धावण्यासारखं नाही, आमच्याकडं वजनाचा गट असतो. ५०, ५३, ५७ असं. गटात बसायचं तर काट्यावर बसायचं. आठवडाभर आधीपासनं जेवण कमी, शेवटच्या दिशी पाणी बी नाही. मी सोता पैलवानकी केली, आमी बी असंच केलं, त्यामुळं मला त्यात काय वावगं वाटलं नव्हतं. वजन दिलं की पोरगी केळी न् दूध पिऊन ओकायची आणि तशीच आखाड्यात उतरायची.

७ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकात विनेश फोगाट अंतिम फेरीत आणि १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद. आदल्या दिशी तिनं तीन कुस्त्या मारलेल्या. रात्रभर घाम काढला, केस बी कापले, तरी नाही. अख्खा गाव हळहळला. मी बी रडलो. पण पोरगी काय म्हणाली सांगू? म्हणाली, "आबा, तिच्या १०० ग्रॅमसाठी सगळी रडाय लागलीत. मी दर म्हैन्याला हेच करते, मला कोण इचारतंय?" त्या दिसापासनं झोप नाही. डॉक्टरमॅडम, पोरगी वरच्या गटात खेळली तर चालंल का? वस्ताद म्हणतात वरच्या गटात मार खाईल.


स्टेथोस्कोप · ९ जुलै, दुपारी २.३०

लाल_माती, आबा, वाढत्या वयाच्या मुलीला आहे त्या गटात खिळवून ठेवणं म्हणजे तिची वाढ खिळवणं. तेराव्या वर्षीचा गट सोळाव्या वर्षी राहणार नाही, आणि राहिला तर ती काळजीची गोष्ट आहे. वर्षभर मार खाईल कदाचित. वस्तादांशी शांतपणे बसून बोला. पाणी तोडून अंग सुकवणं ह्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. तुमच्या काळात सगळे करत होते म्हणून ते निर्धोक नव्हतं.


मिशिगनकर · ९ जुलै, रात्री १०.५०

आबा, तुम्ही लिहिलंत त्याला जोडून. १९९७ च्या शेवटी इथे अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिन्याभराच्या अंतरात वजन उतरवताना गेले. पोरं होती, विद्यार्थी. त्यानंतर कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. हंगामाच्या सुरुवातीला, अंगात पाणी पुरेसं आहे ना हे आधी तपासून, प्रत्येकाचं किमान वजन ठरवतात. त्याखालच्या गटात उतरता येत नाही. सामन्याआधीचं वजनही ऐनवेळी घेतात, त्यामुळे सुकून परत भरायला वेळच मिळत नाही. म्हणजे करायचं ठरवलं की करता येतं. आपल्या शालेय स्पर्धांत हे का होऊ नये?

पण इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. माझी मुलगी कॉलेजच्या संघातून क्रॉसकंट्री पळते. मूळ आम्ही साताऱ्याचे, तिला माणदेशच्या ललिता बाबरचं फार वेड. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत ती दहावी आली, ती शर्यत आम्ही दोघींनी किती वेळा बघितली असेल. कॉलेजला गेल्यावर पहिल्या वर्षी मुलगी सुट्टीत आली आणि मी केलेल्या पुरणपोळीचा घास मोजून खात होती. अक्षरशः मोजून, फोनमधल्या ॲपमध्ये लिहीत. मी गप्प बसले, कारण इथल्या मुलांना आईने टोकलेलं आवडत नाही. ते गप्प बसणं मला फार महागात पडलं. संघाच्या डॉक्टरने पाळीचं विचारलं, तिला तीन महिने मैदानाबाहेर ठेवलं, तेव्हा मला कळलं.

त्याच सुमारास तिनेच मला मेरी केनबद्दल सांगितलं. १७ व्या वर्षी, २०१३ मध्ये, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पळालेली मुलगी. पुढे नायकीच्या नामांकित चमूत गेली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिडिओत सांगितलं की तिथे तिला सतत वजन कमी करायला लावलं, इतरांसमोर वजन घेतलं, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार ह्यांनी आरोप नाकारले. पण ते ऐकल्यावर इतक्या धावपटू बोलायला लागल्या की हा एका चमूचा प्रश्न राहिला नाही. तिचा व्हिडिओ बघून माझी लेक म्हणाली, "आई, सोमवारचं वजन तिकडेही आहे."

तिला सर्वांत जास्त आधार वाटतो तो मात्र मॉली सायडेलचा. २०१५ ची राष्ट्रीय कॉलेज क्रॉसकंट्री विजेती. २०१६ मध्ये ऑलिंपिकची निवड चाचणी सोडून खाण्याच्या विकारावर उपचार घ्यायला गेली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये कांस्य.


शिट्टी · १० जुलै, सकाळी ८.२०

मी १८ वर्षं प्रशिक्षक आहे. सगळं वाचलं. पायवाट मॅडम, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण प्रत्येक वेळी प्रशिक्षकच आरोपी का? पालक स्वतः येऊन म्हणतात, सर, हिच्या मांड्या बघा, जरा कमी करा, उद्या लग्न जमायचं आहे. वजन आणि पळणं ह्यांचा संबंध आहे, हे कुणी नाकारू शकत नाही. जड अंगाने १५०० मीटर जिंकता येत नाही. वजनच करायचं नाही तर सराव आखायचा कसा? शिवाय खेळाचे सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, ह्यावर ह्या मुलींचं आयुष्य उभं राहतं. मी सैल सोडलं आणि मुलगी विभागीय स्पर्धेत हरली, तर तिचा बाप मला विचारणार.


पायवाट · १० जुलै, रात्री ९.००

सर, तुमच्यावर आरोप नाही. माझ्या सरांवरही नाही, ते मी वर लिहिलंय. पण तुम्ही काढलात तो मुद्दा मला नीट बोलायचाय, कारण मीही आता तुमच्याच जागी उभी आहे.

मुलींच्या वयात दोन-तीन वर्षं अशी येतात की शरीर बदलतं, कंबर रुंदावते, आणि टायमिंग थांबतं किंवा मागे जातं. तेराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी पंधराव्या वर्षी पाचवी येते. त्याच वयात मुलगे दर हंगामात वेगवान होत असतात आणि आपण मुलींना त्याच पट्टीने मोजतो. आपण घाबरतो, ती घाबरते, तिचे वडील घाबरतात. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, अंग उतरव. ह्या काळात तिला ताकदीचे व्यायाम, झोप, भरपूर जेवण आणि थोडा वेळ मिळाला, तर त्याच शरीराने ती विशीत कितीतरी जास्त पळते. आपण तिला तेराव्या वर्षाच्या शरीरात कोंडून ठेवायला बघतो. माझ्या बॅचच्या नऊ जणींपैकी पंचविशीत एकही पळत नव्हती. आम्ही सगळ्या आळशी होतो का?

वजन आणि वेग ह्यांचा संबंध आहे, मान्य. पण अर्धपोटी मुलगी हलकी होते आणि काही महिन्यांत कमकुवतही होते. आधी वजन जातं, नंतर स्नायू. सुरुवातीचे ते चार महिने आपल्याला फसवतात.

आणि एक गोष्ट. शहरातल्या अकादम्यांत मुली ठरवून कमी खात असतील. माझ्या शाळेत निम्म्या मुली ठरवून नाही, तशाच कमी खातात. पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर ग्राउंडला येतात, आठला घरी जाऊन धुणं-भांडी, मग शाळा, दुपारी शाळेची खिचडी, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. ह्यांना कुठलाच मनाचा विकार नाही. ह्यांना जेवण नाही. हाड मोडायचं ते दोघींचंही तसंच मोडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. आपण त्यांच्याच लेकींना इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात पळायच्या फेऱ्या) मारायला लावतो.


अन्नपूर्णा_मेस · १० जुलै, रात्री १०.१०

मी वाचक, लिहित नाही सहसा. पुण्यात मुलींची मेस चालवते, ३० जणी आहेत, त्यात सात-आठ खेळाडू. मला डॉक्टरी कळत नाही पण ताट कळतं. जी मुलगी खरंच पोट भरून उठते ती ताटाकडे बघत नाही, गप्पा मारत खाते. जी स्वतःला अडवत असते ती पोळीचे फार बारीक तुकडे करते, भाजी ताटभर फिरवते, आणि दुसरीच्या ताटाकडे टक लावून बसते. स्वयंपाकघरात येऊन मला विचारते, काकू काय घातलं ह्यात, तेल किती घातलं. सगळ्यांसाठी शिरा करून वाढायला सगळ्यांत पुढे, स्वतः चमचाभर घेत नाही. अशी एक होती. मी तिला काही बोलले नाही, रोज तिच्यासमोर माझं ताट घेऊन बसायला लागले. दीड महिन्याने एकदा रडली. मग तिच्या आईला फोन केला. तेव्हा वाटलं होतं चहाडी करतेय. आता वाटतं आधीच करायला हवा होता.


रानजाई · १० जुलै, रात्री ११.३०

काकू, तुम्हाला नमस्कार. आमच्या मुलीला अशी कुणी भेटली असती तर.

आमची मुलगी जिम्नॅस्ट होती. होती म्हणतेय. तिच्या बाबतीत जेवण कमी झालं नाही, म्हणून आम्हाला कळलंच नाही. ती जेवायची, आमच्याबरोबर, नीट. बाथरूममध्ये नळ जोरात सोडलेला असायचा, आणि मी पाणी वाया घालवू नकोस म्हणून ओरडायचे. आमच्यापैकी कुणालाच नाही, दाताच्या डॉक्टरांना कळलं. किडलेली दाढ दाखवायला नेलं होतं. त्यांनी मला बाहेर बसवलं, तिच्याशी बोलले, मग मला आत घेऊन सांगितलं की पुढच्या दातांची आतली बाजू झिजलीय, पोटातलं आम्ल वारंवार तोंडात येतंय. सोळा वर्षांची होती.

मला पहिल्यांदा राग आला. तिचा. इतकं करतो आपण, डबा, क्लास, फिजिओ, आणि ही अन्न टाकून देते. आमच्या घरात अन्न टाकणं म्हणजे पाप. ते मी तिला बोलून दाखवलं. ते शब्द परत घेता आले असते तर मी काहीही दिलं असतं. ती ते हौसेने करत नव्हती. आधी कडक उपासमार, मग भुकेने वेडं होऊन खाणं, मग अपराधी वाटून काढून टाकणं, आणि पुन्हा उपासमार. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी हे चक्र कागदावर काढून दाखवलं तेव्हा कुठे मला समजलं.

उपचार १४ महिने चालले. पहिले काही महिने काय खायचं, किती, केव्हा, हे आम्ही आईबाप ठरवायचो आणि तिच्याशेजारी बसून खायचो. तिने ठरवायचं नाही, कारण त्या वेळी ठरवणारा तिचा आजार असायचा. जेवल्यावर तासभर तिच्याबरोबर पत्ते खेळायचो. माझे यजमान, ज्यांनी कधी घरी दुपारचं जेवण घेतलं नव्हतं, ते दुकान बंद करून रोज एकला यायचे. आरशाच्या कपाटावर आम्ही चादर टाकली होती, वजनकाटा भंगारात दिला. मध्ये दोनदा पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या वेळी पोटॅशियम इतकं उतरलं की रुग्णालयात ठेवावं लागलं. आता ती कॉलेजला आहे, जिम्नॅस्टिक्स सोडलं, टेकडीवर जाते. तिची परवानगी घेऊन लिहिलंय.


निनावी_१७ · ११ जुलै, रात्री १.४०

मी हे सगळं तीन दिवस वाचतेय. मी कबड्डी खेळते, आमच्या गटाला वजनाची अट आहे. माझी पाळी सात महिने नाही. गेल्या आठवड्यात जिन्यावर चक्कर आली, डोळ्यापुढे अंधार. मला जेवायचं असतं पण जमत नाही. घास हातात घेतला की काटा दिसतो. मी कुणाला सांगितलं नाही. सर चांगले आहेत पण पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. मी फक्त विचारतेय, निवडीपर्यंत थांबलं तर चालेल का?


स्टेथोस्कोप · ११ जुलै, सकाळी ६.५५

बाळा, नाही. निवडीपर्यंत थांबायचं नाही.

चक्कर आली आहे म्हणजे उद्यापरवाच्या आत डॉक्टरांकडे जायचं आहे. नाडी, बसून-उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फरस-हिमोग्लोबिन, एवढं बघायला हवं. खेळाडूची नाडी संथ असते हे खरं, पण उपाशी हृदयाचीही नाडी संथ होते, आणि कित्येकदा तिलाच 'फिटनेस' समजून सोडून देतात. छातीत धडधडलं, पुन्हा अंधारी आली, तर त्याच वेळी रुग्णालयात. घरच्यांनी घाबरून एकदम खूप खायला घालू नये, हेही सांगते. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अन्न हळूहळू, देखरेखीखाली वाढवावं लागतं.

आज एका मोठ्या माणसाला सांग. आई, मावशी, बाई, कुणालाही. जमलंच नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर तेही तिथे स्पष्ट बोल.


रानजाई · ११ जुलै, सकाळी ७.३०

आणि आईला सांगताना शब्द सापडले नाहीत तर हा धागा उघडून तिच्या हातात दे. माझा प्रतिसाद वाचायला सांग. ती चिडली तर ती घाबरली आहे असं समज. मी अशीच चिडले होते.


शिट्टी · १२ जुलै, रात्री ९.३०

काल सकाळी ग्राउंडवर मुलींना बघताना सारखं त्या निनावी मुलीचं वाक्य आठवत होतं. 'सर चांगले आहेत पण.' माझ्या मुलींपैकी कुणी असं लिहिलं असतं तर मला कळलं असतं का, माहीत नाही.

सगळ्यांसमोर वजन करणं आजपासून बंद केलं. वजन आणि वेगाबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण पाळीची नोंद ठेवायची तर मी पुरुष, मुली मला कशा सांगतील? कुणी काय करतं?


पायवाट · १२ जुलै, रात्री १०.१५

सर, मनापासून आभार. मी असं करते. दुखापतीची जी वही असते, त्यात प्रत्येक मुलीच्या पानावर एक रकाना आहे, ती स्वतः तारखेवर खूण करते. वही एका मोठ्या मुलीकडे असते. पुरुष प्रशिक्षकांनी हे शाळेतल्या एखाद्या बाईंकडे द्यावं. तीन महिने खूण नसली तर बाईंनी घरी फोन करायचा आणि मुलीचा सराव कमी करायचा. तुम्हाला कारण कळायची गरज नाही, 'दुखापत' एवढं कळलं की पुरे. पालकांची सभा घ्या. मी घेतली, अकरा आया आल्या. पाळी शब्द काढल्यावर दोघी उठून गेल्या. नऊ बसल्या.

सरावाआधी खायला आम्ही गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवतो, गावातल्या एका किराणा दुकानदाराने महिन्याचे शेंगदाणे दिलेत. सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत भाकरी आणि काहीतरी कडधान्य. फार मोठी योजना नाही ही.


स्टेथोस्कोप · १२ जुलै, रात्री ११.००

प्रशिक्षकांसाठी एक हिशेब, मुलींना पाठ करायला देऊ नका. चरबी वगळून अंगाचं जे वजन असतं, त्याच्या प्रत्येक किलोला दिवसाला सुमारे ४५ कॅलरी, सरावाचा खर्च वजा जाऊन, शरीराकडे उरायला हव्यात. समजा ते वजन ४० किलो आणि सरावात ६०० कॅलरी गेल्या, तर १८०० अधिक ६००, म्हणजे २४०० लागल्या. वाढीच्या वयात त्याहून जास्तच. चहा-बिस्किट, खिचडी आणि रात्रीची दीड भाकरी ह्यात ते कुठेच बसत नाही.


लाल_माती · १४ जुलै, सकाळी ६.२०

वस्तादांशी बोललो. आधी हसले. मग मी म्हणालो, पोरगी आता वरच्या गटात खेळंल, नायतर खेळणार नाही. बराच वेळ काय बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, आण तिला, ताकद वाढवू. काल तिनं बऱ्याच दिसांनी माझ्याबरोबर बसून मटण-भाकरी खाल्ली. मी तिच्याकडं बघितलं नाही, तिला लाज वाटाय नको म्हणून.


निनावी_१७ · १७ जुलै, रात्री ८.४५

आईला धागा दाखवला. आधी म्हणाली, लग्न झालं की होतं सगळं नीट. मग रानजाई काकूंचं वाचलं आणि रात्रभर माझ्या खोलीत झोपली. सोमवारी गेलो. नाडी फार कमी आहे म्हणाले, दोन दिवस ठेवून घेतलं. आता घरी आहे. दर आठवड्याला बोलावलंय, मनाच्या डॉक्टरांकडेही. सहा आठवडे ग्राउंड बंद, निवड चाचणी गेली. सरांना आईनेच सांगितलं. ते म्हणाले, संघात तुझी जागा पुढच्या वर्षी बघू. 'बघू' म्हणाले. मला रडू येतंय सारखं. पहाटे पाचला जाग येते आणि करायला काहीच नसतं. सहा आठवडे मी काय करू?


पायवाट · १७ जुलै, रात्री ९.०५

रड. मीही रडले होते, आणि माझ्याबरोबर कुणी नव्हतं.

डॉक्टर हो म्हणाले की सरांना विचार, संध्याकाळच्या सरावाला कडेला खुर्ची टाकून बसू देतील का. चढाया मोज, पकडी मोज, कुणाचा पाय कुठे चुकतो ते लिहून ठेव. खेळताना हे कधी दिसत नाही. पहाटेच्या वेळी आईला उठव आणि दोघी मिळून न्याहारी करा, पोहे, उपमा, काय असेल ते. चहा त्यानंतर. आणि इथे लिहीत राहा, आम्ही आहोत.